बाईंचं बोट

पिशवी हातात आली की बाई आधी चष्मा काढून ठेवायच्या. मग त्यांची तर्जनी तांदूळ निवडल्यासारखी टाक्यांवरून फिरायची. कुठे अडली की त्या गोड हसायच्या, दोऱ्याचं टोक शोधायच्या आणि सर्रकन ओढायच्या. वर म्हणायच्या, "काय छान सुटतंय बघ." आपल्या आठवडाभराच्या मेहनतीचं एवढंच कौतुक. तुमच्याही गल्लीत असं एखादं बोट असेल.

बाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. कर्जतला आमच्या शेजारीच, त्यांच्या घराच्या ओसरीवर दर मंगळवारी दुपारी त्यांचा क्रोशाचा वर्ग भरायचा. सगळ्या बायका. त्यात मी कसा? घरात बायकोला म्हणालो होतो, "एका सुईनं दोरा ओढायचा, त्यात शिकायचं काय?" भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला, "ये की मग. ओढ."

पहिली सुती पिशवी चौकोनी व्हायची होती. दर ओळीत शेवटचा खांबाचा टाका घालायला विसरत गेलो आणि ती वर जाता जाता समोसा झाली. "एका कानाची कानटोपी," बाई म्हणाल्या. सर्रकन. दुसरीच्या गोल तळाला टाके इतके वाढवले की झालर आली. "डिझाइन आहे," मी म्हटलं. "असू दे," म्हणत त्यांनी तीही ओढली.

पुढची दाखवलीच नाही. चोरून कशेळ्याच्या बाजारात नेली. वांगी भरली, तशी ती गुडघ्यापर्यंत लोंबली आणि एकेक वांगं खालून बाहेर पडू लागलं.

"दादा, पिशवी हाय का मासं धरायचं जाळं?" भाजीवाली म्हणाली.

परतीच्या जीपमध्ये शेजारच्या सीटवर नेमकी वर्गातलीच एक वहिनी निघाली. मंगळवारी मी पायरी चढायच्या आत बाईंनी हात पुढे केला. "आण."

तेव्हापासून एकच हाव. एक तरी पिशवी या बोटाखालून जिवंत सुटावी. टोकाला घट्ट गाठी मारूनही पाहिल्या. "गाठी मारल्यास म्हणजे चुकलंय हे तुला ठाऊक होतं," म्हणाल्या आणि कात्री मागितली.

दिवाळीनंतर मुलगा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला. टेंपोत सामान चढत होतं. मी घाईघाईनं नवी पिशवी पुढे केली. चष्मा उतरला. बोट फिरत फिरत पट्ट्याच्या मुळाशी आलं. तिथे एक खांब निसटला होता, ते मला माहीत होतं. बोट तिथे थांबलं, घुटमळलं आणि पुढे गेलं.

"छान झालीय," बाई म्हणाल्या.

हवं ते मिळालं आणि मी पिशवी परत त्यांच्याच हातात सरकवली. पुढचा मंगळवारच नाही म्हणून पास केलं होतं मला.

"बाई, ओढा ना," मी म्हटलं. अशी विनवणी करणारा त्या वर्गात मी पहिलाच.

त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मला कशाला राबवतोस रे जाता जाता? तुला हात नाहीत?"

टेंपो वळला.

संध्याकाळी बायको बाजाराला निघाली. "बाईंनी पास केलेली पिशवी द्या बघू."

मी आमच्या पायरीवर बसलो होतो. मांडीवर दोऱ्याचा ढीग.

"अहो, चूक तर पट्ट्यापाशी होती म्हणालात."

"हो. पण बोट फिरवलं, तर खाली अजून एक सापडली. तिच्याखाली अजून एक."

तिनं शेजारच्या रिकाम्या ओसरीकडे एकदा पाहिलं. मग खुंटीवरची नायलॉनची पिशवी काढून ती निघून गेली.