तस्नीमनं दिलेली ओळख

तस्नीम गेल्याचं मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं नाही. कळणार कसं? त्या ग्रुपमधून तिला आधीच काढून टाकलं होतं. केडगावहून तिच्या भावाचा फोन आला. "मॅडम, आपा गेली..." एवढंच तो बोलला. मी वर्गावर निघाले होते, तशीच माघारी फिरले. जिना उतरताना मला रडू आलं नाही, संताप आला. आज काही आठवडे झाले, तो उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

तस्नीम आमच्या सुप्याजवळच्या कॉलेजची ग्रंथपाल, मी तिथं रसायनशास्त्र शिकवते. केडगावहून आम्ही एकाच एसटीनं जायचो. खणखणीत आवाजाची, भांडकुदळ म्हणावी अशी बाई. खिडकीवरून कंडक्टरशी भांडायची, बंद पंख्यावरून ऑफिसशी. स्वतःसाठीही भांडायची आणि दुसऱ्यासाठीही, आणि भांडून झालं की डबा उघडून समोरच्यालाच कबाब द्यायची.

आमची बरीच मुलं एमआयडीसीत शिफ्ट करून शिकतात. कॉलेजनं वर्गणी भरलेली ऑनलाइन पुस्तकं आणि नियतकालिकं फक्त आवारातल्या इंटरनेटवर उघडायची, आणि मुलं कामावरून सुटायची तेव्हा ग्रंथालयाला कुलूप. एकदा एम.एस्सी.ची सुनीता, कंपनीत पॅकिंगला जाणारी, सुट्टीच्या दिवशी बंद दाराशी बसून मोबाईलवर वाय-फाय पकडताना तस्नीमला दिसली. "घरी का नाही वाचत?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "मॅडम, रूमवर उघडत न्हाई. तिथं आमाला कोन वळखतंय?"

त्या वाक्यानं तस्नीम पेटली. माहिती काढत, फोनवर फोन करत तिनं कुठूनही चालेल असं एकच लॉगिन बसवायचं ठरवलं. प्राचार्यांना तिनं समजावलं ते मला आठवतंय. "सर, हे ऑनलाइन पुस्तकवाले आपल्या मुलांना ओळखत नाहीत, पण कॉलेजला ओळखतात. मुलगी त्यांच्या दारात गेली की ते तिला आपल्याकडे पाठवणार. ती पासवर्ड आपल्याकडे देणार. मग आपण त्यांना कळवायचं, ही आमची आहे. दार उघडलं. पासवर्ड त्यांच्याकडे जायचाच नाही." त्यासाठी दोन्हीकडच्या यंत्रणांनी आधी एकमेकींचे पत्ते आणि खात्रीची प्रमाणपत्रं घ्यावी लागतात. संगणक विभागातले कुलकर्णी सर आणि ती, दोघं आठवडेच्या आठवडे त्यात बुडाले होते. एकदा सगळं जुळूनही दार उघडेना. शेवटी कळलं, आमच्या सर्व्हरचं घड्याळ मागे पडलं होतं, त्यामुळे तिकडे पोचणारा प्रत्येक निरोप शिळा ठरत होता. बसमध्ये ते सांगताना तिला हसू आवरेना... आणि मग एका संध्याकाळी तिला सुनीताचा फोन आला, "मॅडम, उघडलं! रूमवर, च्या पिता पिता!"

हे सुख फार टिकलं नाही. आमच्या संस्थेच्या संचालकांनी एका शिकवणीच्या ॲपवाल्या कंपनीशी करार केला, आणि ते ॲपही याच लॉगिनला जोडायला सांगितलं. कंपनीला प्रत्येक मुलाचं नाव, मोबाईल नंबर, जात, पालकांचं उत्पन्न, सगळं हवं होतं. पुस्तकवाल्यांना तस्नीम यातलं काहीच पाठवत नव्हती. फक्त 'या कॉलेजची विद्यार्थिनी' एवढंच.

"पोरगी आपली आहे, एवढं सांगितलं की पुरे," ती संचालकांना तोंडावर म्हणाली. "तिचा बाप किती कमावतो ते त्यांना कशाला?"

"मॅडम, तुम्ही ग्रंथालय सांभाळा."

"तेच सांभाळतेय सर."

ती कंत्राटी होती. त्याच वर्षी तिच्या पोटातल्या गाठीचं निदान झालं, नगरला ऑपरेशन झालं, आणि ती अंथरुणावर असतानाच तिचं कंत्राट संपू दिलं गेलं. तिला कुणी साधं कळवलंही नाही. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या मांडीवर लॅपटॉप होता. लॉगिनच्या त्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली होती. नवं बसवलं नाही तर ऐन परीक्षेत मुलांची पुस्तकं बंद पडणार होती. तिनं पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं, 'आपले खाते बंद करण्यात आले आहे.' चुकलं असेल म्हणून तिनं पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मग तिनं कुलकर्णी सरांना फोन लावला आणि धाप लागत असताना एकेक पायरी सांगून त्यांच्याकडून ते काम पुरं करून घेतलं. फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड केलं. "सांगायचं तरी होतं गं..."

ॲप जोडलं गेलं. सुनीताच्या वडलांना पारनेरला फोन येऊ लागले. तुमचं उत्पन्न इतकं आहे, मुलीच्या कोर्ससाठी कर्ज मिळेल, आजच सही करा. त्या माणसाला वाटलं, पोरीनंच घरची माहिती विकली. ते आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत.

आणि शोकसभेत संचालक म्हणाले, "तस्नीम मॅडम म्हणजे आमच्या कुटुंबातल्याच!" मी उभी राहिले. म्हटलं, "कुटुंबातल्या होत्या, तर जिवंतपणी त्यांचं खातं कुणी बंद केलं?" मागून सुनीता उठली. "अन् आमचे नंबर कोनी दिले सर?" मग एकामागून एक मुलं उभी राहत गेली. त्याच आठवड्यात कुलकर्णी सरांना वरून आदेश आला आणि ॲपकडे जाणारी माहिती थांबली. पण गेलेले नंबर परत येत नाहीत, आणि माफी कुणी मागितलेली नाही. सुनीताचे वडील मात्र खरं काय ते कळल्यावर स्वतः कॉलेजात येऊन पोरीला भेटून गेले.

लॉगिनचं पान अजून तिनं केलं तेच आहे. पासवर्डच्या चौकटीखाली बारीक अक्षरात तिची ओळ आहे, 'पासवर्ड विसरलात? लाजू नका. ग्रंथालयात या, चहा घेऊ.' परवा मी ग्रंथालयात असताना पहिल्या वर्षाची एक मुलगी ती वाचून खरंच आली आणि दारातून म्हणाली, "मॅडम हाईत का?" मी तिला बसवलं, चहा मागवला, कुलकर्णी सरांना सांगून नवा पासवर्ड काढून दिला. संस्था आता सगळी पानं बदलणार आहे म्हणे. बदला. पण त्या ओळीला हात लावायचा असेल, तर आधी माझ्याशी भांडावं लागेल.