स्वेटरला दिलेली खळ

आयुष्यातला पहिला स्वेटर विणून झाला आणि मी त्याला चिंचोक्याची खळ दिली. घोंगडीला खळ देतात, त्याने ती ताठ राहते, एवढं ज्ञान मला होतं. लढाईमुळे बाजारात गिरणीची लोकर मिळेना, म्हणून स्वेटर विणला होता माणच्या मेंढरांच्या लोकरीचा. घोंगडीचीच लोकर, मग तिला खळ का नको? दुपारी वाळल्यावर दोरीवरून काढला, तर स्वेटर हात पसरलेलाच राहिला. खाली ठेवला, तर चक्क उभा!

लोकर आणून देणारा धनगर ओट्यावर टेकला होता. त्याने मान वाकडी करून पाहिलं.

"आवं मास्तर, ह्यो अंगात घालायचा न्हाई. ह्याच्यात जाऊन बसायचं!"

हसण्यावारी नेण्यासारखी वेळ नव्हती. सांगलीच्या शाळेत चित्रकला शिकवून मी निवृत्त झालो आणि साताऱ्याला येऊन दिवसभर हिच्या पायात पायात करू लागलो. ही शिपायांसाठी खाकी मोजे विणायची. बघता बघता सुया मी हातात घेतल्या आणि त्या सुटेचनात. उरलेलं आयुष्य हेच करावं, असं मनातून वाटू लागलं. पण पिकल्या मिशीच्या माणसाने ते बोलायचं कुणाजवळ? इकडे हिने गुळाच्या अडतीवर माझ्यासाठी नोकरी पाहिली होती. सोमवारी निरोप द्यायचा होता. शेवटी हिलाच सांगून टाकलं. "तोवर अंगात घालण्याजोगं काही विणून दाखवा," ही म्हणाली, "मग मीच त्यांना 'नाही' म्हणून कळवते." आणि आज शनिवार.

रविवारी मी स्वेटरची शिवण उसवली. पाठीचा तुकडा पुठ्ठ्यासारखा सपाट निघाला. हाताला जुनी खोड. खडूने त्याच्यावर डोंगराची रेघ ओढली. मग दाभण घेऊन हिच्या मोज्यांच्या उरलेल्या खाकीने डोंगर भरला. पांढऱ्या लोकरीने उतारावर मेंढरं सोडली. जेवायचं भान राहिलं नाही.

ही मागे येऊन उभी राहिली.

"मेंढरांना पाय कुठायत?"

"गवतात आहेत."

"डोंगर तर वाळून खाकी झालाय. गवत कुठलं?"

"मग तूच दे पाय."

"देते. सरका जरा."

दिवेलागणीपर्यंत हिने काळ्या दोऱ्याने एकूण एक मेंढराला पाय दिले. एकाला पाच झाले, ते मी बोललो नाही.

सोमवारी सकाळी कोट-टोपी चढवून मी मुकाट्याने ओट्यावर बसलो. अट म्हणजे अट. अडतीवरचा माणूस आला. मी चपला पायात सरकवतोय तोच ही पदर खोचत बाहेर आली आणि म्हणाली, "शेटजींना सांगा, यांना जमायचं नाही. कामात आहेत."

तो गेला. मी चाचरत म्हणालो, "अगं, पण अंगात घालण्याजोगं कुठे काय झालंय?"

"मी कुठे म्हणतेय झालंय म्हणून? टोपी काढा आधी आणि आत चला. पुढचा तुकडा अजून कोरा पडलाय. त्याच्यावर आपला सांगलीचा घाट काढून द्या मला. होड्या मी भरते."