दीनाबाईंचं सुकाणू

कारखान्यात दोन गोष्टी न मागता साठतात, भंगार आणि किस्से. भंगाराला निदान गिऱ्हाईक तरी येतं. किस्से मात्र कुणी चहा पाजल्याशिवाय जागचे हलत नाहीत. आता चहा आलाच आहे तर ऐका.

चौक गावात, पुण्याच्या रस्त्यावर, आमचा मोटार दुरुस्तीचा कारखाना होता. मालक तात्या, भट्टीवर राघू लोहार आणि फिटर मी. तात्याच्या पायाखाली कायम निखारा! गिऱ्हाईक मोटारीतून उतरायच्या आत याने बॉनेट उघडलेलं असायचं.

एक दिवस खालापूरकडचा टांगेवाला निरोप घेऊन आला. "दीनाबाईंनी बोलावलंय. सुकाणू आडकलंय."

"कुठल्या गाडीचं?" तात्याने पाना उचललासुद्धा.

"होडीचं."

"आरं, समुद्र कुठं, चौक कुठं!"

"समुद्र नाय, बंगल्यामागं तळं हाय. आन् बाई लई तापल्यात."

"मग रेडिएटर पण बघावा लागंल!" म्हणत तात्या टांग्यात चढला, मागोमाग राघू आणि मी.

*

दीनाबाई पारशीण, साठीच्या पुढची. नवरा गेल्यापासून त्याची शिडाची होडी तळ्याकाठी छपराखाली पडून होती. मागच्या बाजूला सुकाणू दोन पितळी कड्यांत लोखंडी खिळ्यांवर टांगलेलं. गंजाने खिळे कड्यांत असे धरले होते की वळवायचा दांडा धरून आम्ही तिघे लोंबकळलो, तरी सुकाणू ढिम्म! उलट होडीच कलली.

राघूने खिळ्यांवर रॉकेल सोडलं आणि म्हणाला, "आता उद्यापत्तुर हात लावायचा नाय."

उद्या? तात्या विडी पेटवून होडीभोवती येरझाऱ्या घालायला लागला. प्रत्येक फेरीला दांडा हलवून बघायचा. बाईही छत्री घेऊन मागोमाग. "हललं के?" "नाय." "आता?" "नाय."

शेवटी राघू वैतागला. "तात्या, रॉकेल मुरतंय. लोणचं मुरायला घातलं आन् बरणी सारखी उघडली, तर बुरशीच खावी लागंल!"

*

दुसऱ्या दिवशी डोंगरावरून करवंदं घेऊन उतरणाऱ्या ठाकरणी बघत उभ्या राहिल्या. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "लई वरसं पान्याबिगर ठेवलीस. रुसली आसंल. नारळ फोड."

तात्याला काहीतरी करायला हवंच होतं. आणला नारळ आणि हाणला खिळ्यावर! नारळ फुटला, तात्याचं बोटही फुटलं. खिळा तसाच.

बाईंनी बोटाला चिंधी बांधली, खोबरं सगळ्यांना वाटलं आणि म्हणाल्या, "रुसवा राहू दे. निदान नाश्ता झाला!"

*

मग ब्लो-लॅम्प. लाकडाला ओली पोती गुंडाळून राघू पितळी कडी तापवत होता. कडी फुगली की खिळा सैल पडतो, हा हिशोब. तात्याला आच कमी वाटली. त्याने लॅम्प हिसकावून घेतला. पोतं वाळलं, फळीतून धूर निघाला आणि बाईंनी हातातला गरम चहा सपकन ओतला. निम्मा फळीवर, निम्मा तात्यावर!

"तळ्याच्या काठावर होडी जाळणारा तूच पहिला रे!"

तात्याही चिडला. "घाई कुणाला हाय? आमाला का तुमाला? कुठं विलायतेला जायचंय तुमाला?"

बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "शनिवारी मुलगा येतोय. बंगला विकलाय. मला मुंबईला नेणार, चौथ्या मजल्यावर. होडी सरपणाला जाईल." मग दांड्याकडे बघत म्हणाल्या, "आमचे हे शीड ओढायला मला सांगायचे. सुकाणू कधी हातात दिलं नाही. म्हणायचे, तुला जमणार नाही."

तात्याने लॅम्प राघूच्या हातात दिला. राघू कडी तापवी, तात्या खिळ्यावर हलकी हातोडी मारी, मी दांडा केसभर इकडे, केसभर तिकडे करी. उन्हं कलली तेव्हा आतून डुकराच्या पिल्लासारखं किंचाळणं आलं.

बाई ताडकन उठल्या. "बोलली रे, बोलली!"

आम्ही खिळे काढून पॉलिश पेपरने घासले, ग्रीस भरलं. दांडा करंगळीने फिरायला लागला.

*

शनिवारी सकाळी होडी पाण्यात उतरवली. बाईंनी पदर खोचला, आम्हाला काठावरच थांबवलं आणि एकट्याच बसल्या. शीड फुगलं. पहिल्यांदा होडी भेलकांडली. तात्या चपलांसकट गुडघाभर पाण्यात! पण बाईंनी सावरलं. तळ्याच्या मधल्या खडकाला त्यांनी असा सुबक वळसा घातला, की राघूने शीळच घातली.

तेवढ्यात मुलाची मोटार आली. तो सुटाबुटात धावत काठावर आला. "ममा! ही काय गंमत आहे? सामान भरायचंय! वळव होडी, काठाला घे!"

बाईंनी दांडा डावीकडे दाबला. होडी ऐटीत उलट बाजूला, उजवीकडे वळली आणि पुन्हा पलीकडच्या काठाला निघाली. वाऱ्यावरून आवाज आला, "कशी वळवू, दीकरा? सुकाणू अडकलंय!"

मुलगा आमच्यावर उखडला. "काय दुरुस्त केलंत तुम्ही?"

आमचं काम कच्चं निघालं, असं तात्याने जन्मात कुणाला म्हणू दिलं नव्हतं. त्याने तळ्याकडे बघितलं, साहेबाकडे बघितलं आणि गवतावर मांडी घालून ऐसपैस बसला.

"जुनं काम हाय, साहेब. वेळ लागंल!"