नंबर बुजवलेली सायकल

चाचा दुकानात आले की आधी माझ्याकडे बघत नसत. समोर टांगलेल्या सायकलच्या फ्रेमवरून अंगठा फिरवत, तो डोळ्यांजवळ नेत आणि म्हणत, "श्शी! ह्याला घासलं म्हंत्यात व्हय?" मग तो अंगठा माझ्याच दाराच्या चौकटीला पुसत. चौकट अजून काळी आहे.

सांगलीत माझं जुन्या सायकली नव्यासारख्या करून विकायचं दुकान आहे. चाचा आष्ट्याहून एसटीने येत आणि रंगकाम करत. त्यांना माझ्या चहाची किळस, माझ्या ब्रशांची किळस, गिऱ्हाइकांची तर विचारूच नका. वंगणाने थबथबलेली एक सायकल आली तेव्हा त्यांनी उघडलेला जेवणाचा डबा पुन्हा झाकला. "माणसं हिच्यावर बसत्यात का हिला तळत्यात?"

पण स्टिकर लावायची वेळ आली की हाच माणूस हळुवार होई. पाण्यात भिजवून सरकवायचा स्टिकर तुम्ही कधी लावला असेल, तर तो कांद्याच्या पापुद्र्याइतका नाजूक असतो हे तुम्हाला ठाऊक असेल. चाचा तो फ्रेमवर बसवत, खालचं पाणी फडक्याने दाबून काढत आणि दिवसभर वाळू देत. मग धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडत, पंखा बंद करत, मला बाहेर हाकलत आणि वरून क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक रंगाचा, फवारा मारत. पहिला हात अगदी विरळ. "एकदम वतलंस तर नाव चुरगळतंय, गड्या. दमानं घ्यायचं." हे सगळं मी खिडकीतून बघून शिकलो.

त्यांची आणखी एक खोड होती. फ्रेमच्या बुडाशी नंबर ठोकलेला असतो. रंगवण्याआधी ते त्यावर चिकटपट्टी लावत आणि शेवटी ती काढून नंबर उघडा ठेवत. "सायकल कुटली हाय ते हितं लिवलंय. ते बुजवायचं न्हाई."

मग महाबळेश्वरचे एक हॉटेलमालक आले. त्यांना दर्शनी भिंतीवर टांगायला जुनी विलायती सायकल हवी होती. माझ्याकडे होती साधी, हल्लीची, इथलीच. चाचा तेव्हा नातीच्या लग्नात गुंतले होते. मी नंबर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवला, रंग दिला, विलायती कंपनीच्या नावाचे स्टिकर छापून आणले आणि वर क्लिअर मारलं. मालकांना फोनवर सांगितलं, एका गोऱ्या साहेबाची आहे. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते, पण तेव्हा मी शीळ घालत होतो.

सायकल न्यायला हॉटेलची गाडी येणार त्याच सकाळी चाचा आले. त्यांनी स्टिकरवरून अंगठा फिरवला. "बरं बसलंय." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मला अकरा वर्षं लागली होती. मग त्यांनी सवयीने फ्रेम उलटी केली. बुडाशी सगळं गुळगुळीत होतं.

"लांबी भरलीस?"

"चाचा, भिंतीवर तर टांगायचीय. कोण बघतंय?"

"मी बगितलं की."

ते श्शी म्हणाले नाहीत. अंगठा त्यांनी आपल्याच सदऱ्याला पुसला.

"ह्या कामाला माजं नाव लावू नगंस. आष्ट्यापास्नं साताऱ्यापत्तुर लोक माजा हात वळखत्यात. तेवडंच कमावलंय मी."

पिशवी उचलून ते स्टँडकडे निघाले. मी हाक मारली नाही. गाडी यायची वेळ झाली होती.

ते पुन्हा आले नाहीत. मी दोनदा आष्ट्याला गेलो. त्यांनी चहा दिला, घरच्यांची विचारपूस केली, पण कामाचं काढलं की म्हणाले, "आता दिसत न्हाई बग." असं म्हणताना ते सुईत दोरा ओवत होते, आणि तो पहिल्या खेपेला गेला. गेल्या वर्षी चाचा वारले.

यंदा पावसाळा संपता संपता मी महाबळेश्वरला त्या हॉटेलात गेलो. भिंतींना पोपडे धरले होते, दाराच्या कड्या गंजल्या होत्या. सायकल मात्र झकास. मालक मला पाहुण्यांसमोरच तिच्यापाशी घेऊन गेले.

"इथल्या पावसात लोखंड टिकत नाही हो. पण हे नाव बघा, कोपरासुद्धा उचललेला नाही. कुणाचं काम?"

माझं, एवढं म्हणायचं होतं. पण नंबर कुठे आहे, असं पाहुण्यांपैकी कुणी विचारलं तर? गेलेल्या माणसाला कोण विचारणार?

"आमचे आष्ट्याचे चाचा होते," मी म्हणालो. "त्यांच्या हातचं."

मालक खूश झाले. खाली पितळी पाटी लावू या म्हणाले आणि फोनवर टिपून घ्यायला त्यांचं पूर्ण नाव विचारलं.

मी ते सांगितलं, स्पेलिंगसकट.