दोन शायांचे स्वामी

एकाच माणसाने एकाच अर्जाला दोन उत्तरे द्यावीत आणि दोन्हींखाली बिनदिक्कत सही करावी, हा प्रकार दिवाणी न्यायालयातील माझ्या साऱ्या नोकरीत मी पाहिला नव्हता. तो निवृत्तीनंतर मला आमच्या कडेगाव तालुक्यातील मठाच्या स्वामींनी दाखवला. स्वामी तेव्हा महसूल खात्याचे राज्यमंत्रीही होते. मंत्री म्हणून ते निळ्या शाईत सही करत, मठाधिपती म्हणून भगव्या. शाई बदलली की आपणही बदलतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

वाद साधा होता. आमच्या बौद्ध वस्तीतून सडकेला जाणारी जुनी गाडीवाट मठाच्या कारभाऱ्याने एका हंगामात नांगरून उसाखाली घातली. तेव्हापासून वस्तीतल्या आजारी माणसाला खाटेवर घालून ओढ्याच्या काठाने वळसा घेत सडक गाठावी लागे. मी तहसीलदारांकडे दावा लावला. तहसीलदार तारखेमागून तारीख देत राहिले, कारण प्रतिवादी मठाचे प्रमुख त्यांच्याच खात्याचे मंत्री होते. तेव्हा मी मंत्रिमहोदयांना कळवले की स्वतःच्या प्रकरणात कोणीही न्यायाधीश होऊ शकत नाही. सबब आपण एक तर मठ सोडावा, नाहीतर खाते. निळ्या शाईत उत्तर आले: ‘आपला अर्ज मठाधिपतींच्या म्हणण्यासाठी पाठवला आहे.’ आठ दिवसांनी भगव्या शाईत आले: ‘आपली तक्रार शासनाकडे पाठवली आहे.’

संतापून मी मठात गेलो. स्वामी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या पायांवर डोके ठेवी आणि मग फाइल पुढे करी. ते बहुतेक न वाचताच सही करत.

“आपण वाचत का नाही?” मी उभ्यानेच विचारले.

“पाया पडलेल्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं, वकील?”

मी वकील नव्हतो, न्यायालयाचे दप्तर सांभाळणारा शिरस्तेदार होतो. ही दुरुस्ती मी त्यांना तोंडी आणि लेखी अनेकदा सुचवली होती.

“मी पाया पडलेलो नाही,” मी म्हणालो. “मला नाही तरी म्हणा.”

ते मनापासून हसले. “बसा. आदी जेवा, मग भांडा.”

आलेल्या प्रत्येकाला ते हेच म्हणत. विरोधी पक्षाच्या माणसांनाही. प्रकरण प्रलंबित असताना प्रतिपक्षाचे अन्न घेणे मला अयोग्य वाटते, असे मी सांगितले.

“मग पानी तरी?”

“पाणी घेईन.”

“लय उपकार झालं,” असे म्हणून त्यांनी स्वतः तांब्या पुढे केला. राग येण्यासारखा माणूस रागावू देत नसे, ही माझी त्यांच्याविषयीची कायमची तक्रार आहे.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. तिसऱ्या दिवशी वस्तीवर चालत आले आणि म्हणाले, “मंत्री गेला. वाट घ्या, वकील. कारभाऱ्याला सांगितलंय.” ऊस निघाला, गाड्या जाऊ लागल्या. सगळी वस्ती खूश झाली. मी झालो नाही. “आपली कृपा आपल्याबरोबर जाईल,” मी त्यांना म्हणालो. “आम्हाला हक्क हवा. दप्तरी नोंद हवी.”

“आवं, मिळालीया वाट तर चाला की गुमान,” माझी पत्नी म्हणाली. “कागद नसला म्हनून काय पाय उमटत न्हाईत व्हय?”

वाटेचा हक्क वस्तीला लिहून देण्याचा चार पानी मसुदा घेऊन मी मठात गेलो. स्वामींच्या पोटात दुखणे सुरू झाले होते, तरी चष्मा लावून त्यांनी तो पूर्ण वाचला. त्यांना काही वाचताना मी प्रथमच पाहत होतो. शेवटच्या पानावर त्यांनी बोट ठेवले.

“वकील, जमीन मठाच्या विश्वस्त मंडळाची. देनारा मी कोन? एक तर मठ सोडा न्हाईतर खातं, असं तुमीच लिवलं हुतं. तवा मी हसलो. आता कुटं समजाय लागलं, तर तुमीच मला सही करा म्हनताय.”

त्यांचे म्हणणे कायद्याला धरून होते. ते मान्य करताना मला झालेला त्रास मी येथे नमूद करून ठेवतो.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “साक्षीदार म्हनून चालंन का मी?”

सुनावणीच्या दिवशी ते भिंतीला धरत तहसील कचेरीत आले. तहसीलदार खुर्ची सोडून त्यांच्या पायांशी वाकले. मी तत्काळ हरकत घेतली.

“बसा सायेब,” स्वामी म्हणाले. “वकील रागावत्यात.”

मठाचा कारभारी समोरच बसला होता. त्याच्याकडे न पाहता स्वामींनी शपथ घेतली आणि सांगू लागले, “माझ्या जन्माच्या येळी वस्तीतली सुईन ह्याच वाटंनं आली, आसं आई सांगायची.”

मी उभा राहिलो. “ही ऐकीव माहिती आहे. ग्राह्य धरू नये.”

आपल्याच साक्षीदाराला अडवणाऱ्या माझ्याकडे सगळी कचेरी पाहू लागली. स्वामींनी मान डोलावली.

“बरं. मग माझं सोताचं सांगतो. धा वर्साचा हुईस्तवर रोज म्हसरं ह्याच वाटंनं न्हेली मी. वाट वस्तीची. मठाकडं ही जमीन मागनं आली.”

कारकुनाने जबाब पुढे सरकवला. स्वामी माझ्याकडे वळले. “आता कंच्या शाईत?”

मी माझे काळ्या शाईचे पेन दिले. त्यांनी सही केली आणि पेन परत द्यायला विसरले.

वाट वस्तीच्या नावे नोंदवण्याचा आदेश निघाला तेव्हा त्यांना जाऊन बारा दिवस झाले होते. आदेशाची प्रत खिशात घालून मी त्याच वाटेने मठात गेलो. प्रकरण आता प्रलंबित नव्हते. पंगतीत बसलो आणि जेवलो. आमटीत मीठ कमी होते. असली गोष्ट मी लेखी कळवल्याशिवाय राहिलो नसतो. पण ज्याला कळवायचे, तो ओट्यावर नव्हता. हात धुतले आणि भांडण न करताच घरी आलो.