मटाराच्या तराजूत शोधनिबंध

अमरावतीहून निघालेली गाडी सकाळी जबलपूरला पोचली. स्टेशनाबाहेर धुकं होतं, आणि धुक्यात मफलर बांधलेले मावसाजी (मावशीचे यजमान). त्यांनी ख्यालीखुशालीच्या आधी विचारलं, "तुले इंग्रजी वाचता येते ना?" आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मीच. येतं म्हणाले.

खरं तर मी मावशीसाठी आले होते. तिच्या घशात गाठ. सिकाई (किरणोपचाराला इकडे हाच शब्द) निम्मी झाली, तोंडात फोड आले, घास उतरेना, तेव्हा तिनं दवाखान्यात जाणंच सोडलं. तिची समजूत घालायला मी आले होते, पण मावसाजींनी माझ्याहून मोठा माणूस गाठला होता. इथल्याच विजय नगरात वाढलेले आणि आता बाहेरगावी याच सिकाईवर संशोधन करणारे एक डॉक्टर. मराठी मंडळ त्यांचा सत्कार करणार होतं, सचिव अर्थात मावसाजी. शाल-श्रीफळ सगळेच देतात, म्हणून ग्रंथतुला ठरली. एका पारड्यात डॉक्टर, दुसऱ्यात त्यांचेच शोधनिबंध.

वाटेत पोहे आणि खव्याची जलेबी खाल्ली. काळसर, जाड, गुलाबजामची सख्खी बहीण. घरी मावशी चमच्यानं पेज घेत होती. तिच्यासमोर जलेबीचं नाव काढलं नाही.

मला काम मिळालं ते निबंध वाचून मावसाजींना भाषणासाठी अर्थ सांगायचं. पहिल्या पानावरच माझी पदवी संपली. ते विचारायचे, काय लिहून राहिले? मी म्हटलं, फार खोल आहे. "बस, हेच बोलतो," म्हणत ते समाधानानं उठले.

दुपारी तराजू आणायला जवळच्या पनागरच्या भाजीबाजारात गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मटारच मटार. भाजीच्या आडत्यानं विचारलं, "तौलना क्या है, भैया?"

"डॉक्टर."

"और दूसरी तरफ?"

"कागज."

"थोड़ा पानी छिड़क लेना. हम पालक में यही करते हैं."

सल्ला मोलाचा होता हे दुसऱ्या दिवशी कळलं. डॉक्टर अंगानं भरदार. सगळे निबंध ठेवले, डॉक्टर जमिनीवरच. त्याच निबंधांच्या दुसऱ्या प्रती आल्या, तरी तेच. शेवटी गणेशोत्सवाच्या जुन्या स्मरणिका खालून सरकवल्या, तेव्हा विज्ञान चार बोटं वर उचललं गेलं आणि टाळ्या पडल्या. मावसाजी माइकवर निबंध किती खोल आहेत ते सांगत होते.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून मावशी उठली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, यातला माझ्या फोडांवरचा कोणता?"

मावसाजी हातानं बस-बस खुणावू लागले. डॉक्टर पारड्यातून उतरले, तसं दुसरं पारडं आदळलं आणि स्मरणिका चव्हाट्यावर आल्या. तिकडे न पाहता ते तिच्याशेजारी येऊन बसले.

"फोडांवरचा एकही नाही, काकू. बरेचसे मशीनवरचे आहेत. काही तर आम्हीच एकमेकांचे वाचावेत म्हणून लिहिलेले."

"मग मी काहून जाऊ सिकाईले?"

"तुम्ही थांबलात म्हणून गाठ थांबत नाही. आणि फोडांवर औषध असतं, गिळवत नसेल तर नळीनं जेवण देता येतं. तिथे सांगितलं नाही तुम्ही?"

मावशीनं मावसाजींकडे बोट केलं. "हे म्हणत, इतक्या मोठ्या डॉक्टरले प्रश्न विचारू नये."

माइक चालू होता, मावसाजींनी तो बंद केला.

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात. सिकाईच्या वेळी तोंडावर घट्ट बसवतात तो जाळीचा मुखवटा मावशी वाळल्यामुळे ढिला झाला होता. नवा साचा, नवा हिशोब, वेळ लागेल, असं तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या. मावसाजींनी हात जोडायला सुरुवात केली. मावशीनं ते खाली केले. "बनवा नवा," ती म्हणाली, "मी बसून आहे. तवर फोडांचं सांगा."

परतीच्या गाडीत शेजारणीनं विचारलं, भेडाघाटचा धबधबा पाहिला का? राहिलाच. एवढं पाहिलं की विद्वानाला आपण डोक्यावर घेतो, तराजूत बसवतो, विचारत तेवढं काही नाही. आमच्या घरात तर माझ्यापुढेही सगळे गप्प. मी आईला फोन लावून म्हटलं, माझं बोलणं कळलं नाही तर विचारत जा.

"बरं," आई म्हणाली. "मग आधी हे सांग, तू ऑफिसात नेमकं करते काय?"