पेटीवरचा लाल थेंब

मला पुण्याच्या एसटीत बसवताना आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ट्रंकेच्या बिजागरीच्या स्क्रूंवर लाल रंगाचे थेंब सोडले. आंब्याच्या पेट्यांवर नाव घालायचा तोच रंग. म्हणाले, "कुणी उघडलीन तर थेंब तडकंल. माणसाला विचारू नको, रंगाला विचार." हॉस्टेलात पोरं हसली. मी मात्र रोज थेंब बघायचो.

घरातला पहिला पदवीधर मी, आणि ते मी सांगणारच. आता पुण्यात बिघडलेले सर्किट बोर्ड दुरुस्त करतो. जळका कनेक्टर काढायचा, जुनं सोल्डर ओढून घ्यायचं, नवा कनेक्टर बसवायचा. दिवाळीत आमच्या पावस गावच्या बागेतल्या पंपाच्या डब्यातला बोर्ड असाच करून दिला. आबांनी डबा बंद करून स्क्रूंवर थेंब सोडले.

चैत्रात आबांचा फोन आला. पंप बंद, नवी कलमं माना टाकतायत. "मांडवीचा मिस्त्री बघून गेला. बोलला, मोटर बरी हाय, बोर्ड गेलाय, मुलाला बोलवा."

बघून गेला? मला लगेच वाटलं, यानं माझा नवा कनेक्टर काढून जुना ठोकला. आमच्या धंद्यात हे चालतं. रात्रीची गाडी पकडली, सकाळी मिस्त्रीलाच बागेत बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, "डबा का उघडलात?"

तो बोलायच्या आधी आबाच बोलले, "शिकलास ना तू? रंग बघ आधी."

चारही थेंब अखंड होते.

मीच डबा उघडला. कनेक्टर माझाच, पिना गंजून हिरव्यागार. मिस्त्री वाकून बघत म्हणाला, "काम सफाईचं हाय हो. पण वरून लाखेचा थर नाय मारलात. आपली हवा खारी, भाऊ."

'आपली' म्हणाला तो. त्या हवेत मी अठरा वर्षं वाढलो, आणि बोर्ड मात्र पुण्याच्या हवेचा करून दिला.

मी माफी मागितली. मिस्त्रीनं दुकानातून नवा कनेक्टर आणि लाखेची बाटली आणली. सोल्डरचा टाका मी घातला, लाख त्यानं मारली. ती वाळल्यावर पंप लावला, पाणी कलमांपर्यंत गेलं. आबा शेवटपर्यंत दोघांच्याही हातांवर नजर ठेवून बसले होते.

मी निघताना आबांनी डब्याच्या स्क्रूंवर थेंब सोडले. माझ्या बॅगेकडे बघितलंसुद्धा नाही.

घर म्हणजे काय, असं बाहेर गेलेली माणसं विचारतात. माझ्यापुरतं सांगतो. आता माझ्या सामानावर थेंब पडत नाही, माझ्या हातच्या कामावर पडतो; ते घरीच राहतं.